गिऱ्हाईक चंदगडचं, दुकान बेळगावचं: सीमाभागातल्या छोट्या धंद्यात या चुका टाळा

सीमाभागात धंदा करणाऱ्याची गंमत अशी, की त्याचं गिऱ्हाईक हद्द मानत नाही आणि त्याचे कागद हद्दीशिवाय दुसरं काही बघत नाहीत. बेळगावच्या रविवार पेठेत माल भरायला महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजचे दुकानदार येतात, भाजी चोर्ला घाटातून गोव्यात उतरते, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर कोल्हापूरचं कास्टिंग (ओतीव भाग) चढतं. हे सगळं पिढ्यान् पिढ्या चाललंय. त्यामुळे नव्याने धंद्यात पडणाऱ्याला वाटतं, यात विचारायचं काय?

मी इकडच्या दुकानदारांचे आणि वर्कशॉपवाल्यांचे हिशेब लिहितो. ज्या चुका पुन्हा पुन्हा टेबलावर येतात, त्यातल्या काही इथे मांडतो. सगळ्या सारख्या महाग नाहीत, त्यामुळे सगळ्यांवर सारखं लिहिणारही नाही.

नोकरीला कंटाळलो म्हणून गाळा घेणं

कोणी पुण्यात बरीच वर्षं काढून, घरी आईवडील एकटे म्हणून परत येतो. कोणाला इकडच्या सरकारी नोकरीत कन्नड आडवं येतं आणि तिकडच्या नोकरीत रहिवासाचा दाखला. कोणाला डोक्यावर साहेबच नको असतो. कारणं सगळी खरी आहेत, पण गिऱ्हाईक तुमच्या कारणाचे पैसे देत नाही. परत आलेला माणूस टिळकवाडीत गाळा घेतो, डिपॉझिट भरतो, फर्निचर करतो आणि माल भरायच्या वेळी हात आखडतो. आधी घरातून किंवा भाड्याच्या खोलीतून सहा महिने विकून बघा. गाळा कुठे पळून जात नाही.

यातलीच एक चूक फार हळहळ लावते. मशीन आधी घ्यायचं, धंदा सुरू करायचा आणि मग 'पीएमईजीपी'च्या (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या) अनुदानाची चौकशी करायला जिल्हा उद्योग केंद्रात जायचं. हे अनुदान नव्या युनिटलाच मिळतं. खेड्यात सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, तर महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक वगैरेंना ३५ टक्के. एवढी रक्कम केवळ क्रम चुकल्याने हातची जाते. आधी अर्ज, मग मंजुरी, मग मशीन.

'चाळीस लाखांच्या आत आहे, आपल्याला जीएसटी नाही'

हे वाक्य अर्धंच खरं आहे. कर्नाटकात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांची मर्यादा आहे. सेवा देणाऱ्याला २० लाखांची, आणि खानावळ किंवा चहाचं हॉटेल कायद्याच्या लेखी सेवेतच मोडतं. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं: करपात्र माल राज्याबाहेर विकला की ही मर्यादा लागूच होत नाही. वर्षाची विक्री पाच लाख असो, तुम्ही बेळगावातून चंदगडच्या दुकानाला माल पोच केलात की तो आंतरराज्य व्यवहार झाला आणि नोंदणी सक्तीची झाली. हुबळी शंभरेक किलोमीटरवर, तरी ती आत. चंदगड त्याच्या निम्म्यावर, तरी ते बाहेर. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायची सवय लावा: आपले २९, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०.

सवलती आहेत. डिझाइन, दुरुस्ती, शिलाई अशा सेवा राज्याबाहेर दिल्या तरी २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंनाही सूट आहे, पण त्यासाठी आपली वस्तू सरकारी यादीत आहे का हे शोधून बघावं लागतं. 'आमचं हातानंच केलेलं आहे की ओ' एवढ्यावर भागत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात एकत्र आले, बेळगाव त्यातलाच. मानांकनाला हद्द दिसली नाही. खोक्यावरच्या बिलाला दिसते.

ऑनलाइन विकणाऱ्यांची तीच गत. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही ई-कॉमर्स साइटवर माल विकता येतो, पण आपल्या राज्यापुरताच. खानापुरात बसून बंगळूरला पाठवा, चालेल. कोल्हापूरला चालत नाही.

कंपोझिशन घेऊन कुरिअर करणं

जीएसटीची कंपोझिशन योजना छोट्या दुकानदाराला सोयीची आहे. दीड कोटीपर्यंत उलाढाल, व्यापाऱ्याला १ टक्का कर, तिमाहीला एकदा भरणा. पण तिची अट कोणी नीट वाचत नाही: माल राज्याबाहेरून आणता येतो, राज्याबाहेर विकता येत नाही. मग पुण्याला गेलेली बेळगावकर मंडळी दिवाळीत कुंदा मागवतात, दुकानदार आनंदाने कुरिअर करतो आणि योजनेतून बाहेर पडायची वेळ स्वतःवर आणतो. बाहेरच्या ऑर्डरी वाढत असतील तर सरळ नियमित नोंदणी घ्या. थोडं लिखाण वाढेल, पण झोप लागेल.

आता एक बारीक गोष्ट, जी काउंटरवर रोज घडते. गडहिंग्लजचं गिऱ्हाईक तुमच्या दुकानात येऊन मिक्सर घेतं आणि स्वतः घेऊन जातं. यात कोणता कर लावायचा? १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा आहे की नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिला असेल, तर तो पत्ता हेच विक्रीचं ठिकाण धरलं जातं. पत्ता लिहिला नसेल तर तुमचं दुकान. म्हणजे बिलावर 'गडहिंग्लज, महाराष्ट्र' लिहून खाली सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा कर) लावला तर बिल चुकलं; तिथे आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा) हवा. चुकीच्या खात्यात कर भरला गेला की बरोबर खात्यात नव्याने भरा आणि आधीचा परत मागत बसा. पन्नास हजारांच्या आतल्या बिलावर, गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय, पत्ता लिहायची सक्ती नाही. बिलं लिहिणाऱ्या पोराला एवढं समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात, ती काढा.

जॉबवर्कचा टेम्पो आणि पन्नास हजारांचा गैरसमज

उद्यमबागेतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन पास, पन्नास हजारांच्या वरच लागतं, हे सगळ्यांना पाठ आहे. राज्याबाहेरच्या जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम करून देण्याला, ही मर्यादा लागू नाही. एका राज्यातला मालक दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे माल पाठवतो तेव्हा किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतं.

समजा शिरोली एमआयडीसीतून अठरा हजारांचं कास्टिंग मशीनिंगला बेळगावला निघालं. ड्रायव्हरच्या खिशात घडी घातलेलं एक चलन, त्यावर नगांची संख्या पेनाने खोडून दुरुस्त केलेली, आणि एवढंच. महामार्गावर तपासणीला गाडी थांबली की ड्रायव्हर आधी माल पाठवणाऱ्या मालकाला फोन लावतो, मग तुम्हाला. मालक पुढे आला तर दंड कराच्या २०० टक्के. १८ टक्क्यांनी धरला तर इथे साडेसहा हजारांच्या आसपास. तो परवडेलही. पण टेम्पो दोन दिवस अडकला, त्यावर तुमचं मशीन रिकामं राहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दिलेली तारीख हुकली, याचा हिशेब कोण करणार? ई-वे बिल मालकाने काढायचं किंवा नोंदणी असेल तर जॉबवर्करने. 'ते काढतील' असं दोघेही धरून चालतात आणि कोणीच काढत नाही. कामाची बोली होतानाच हे ठरवून टाका.

घरचा आणि दुकानचा एकच क्यूआर

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. बंगळूरला तर काहींनी क्यूआर काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. इकडेही त्याची धास्ती पसरली. पण क्यूआर काढणं हा उपाय नाही, खातं वेगळं करणं हा आहे. ज्या खात्यावर गिऱ्हाइकाचे पैसे येतात, त्याच खात्यावर मेहुण्याने परत केलेले उसने पैसे, भिशीची रक्कम आणि मुलाच्या वसतिगृहाचा परतावा येत असेल, तर तुमची विक्री कागदावर फुगते आणि खरी किती हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. दुकानाचं खातं वेगळं काढा, तिथून दर महिन्याला स्वतःचा पगार ठरवून घ्या.

किराणावाल्यांनी आणखी एक बघावं. दूध, भाजी यांच्यावर कर नाही, आणि फक्त असाच माल विकत असाल तर नोंदणीही नाही. पण ३० लाखांचं दूध-भाजी आणि १२ लाखांची बिस्किटं-साबण असेल तर मर्यादा मोजताना बेरीज ४२ लाख धरतात. करमुक्त माल बाजूला काढून उरलेला मोजायचा नसतो.

भाव लावताना स्वतःची मजुरी विसरणं

वडगावातली एखादी बाई घरी मसाला करते. मिरची संकेश्वरी, चव नंबर एक, मागणी भरपूर, आणि वर्षाअखेर हातात काही नाही. का? दहा किलो मिरची आणली, देठं काढली, ऊन दाखवलं, डंकावर कुटून आणली आणि भरली आठ किलो, तर किलोमागे मिरचीचा भाव सव्वापट झाला. बाई मात्र बाजारभाव धरून हिशेब करते. त्यात खोबरं, तेल, डंकाची कुटाई, पाकीट, गॅस. देठं काढायला बसलेल्या सासूची आणि नणंदेची मजुरी शून्य, स्वतःची तर विचारूच नका. मग शेजारचीपेक्षा दहा रुपये कमी लावले की झालं!

बाहेरची बाई कामाला लावली असती तर रोज किती द्यावा लागला असता, तो आकडा भावात धरा, मग तो घरच्यांना द्या किंवा नका देऊ. तसा भाव लावल्यावर गिऱ्हाईक घेत नसेल, तर निदान धंदा तोट्यात आहे हे कळेल तरी.

उसाच्या बिलावर दुकान चालवणं

चिकोडी, अथणी, हुक्केरीकडे उधारी उसाच्या बिलाला बांधलेली असते. 'बिल आलं की देतो' हा शब्द खोटा नसतो. कायद्याने कारखान्याने ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, पण लांबलं की शेतकऱ्याबरोबर तुमचंही लांबतं. उधारी द्याच, नाही तर गिऱ्हाईक टिकणार नाही. पण प्रत्येक घराला एक आकडा ठरवा आणि वहीवर सही घ्या. मोसम सुरू व्हायच्या आधीच्या चार महिन्यांत घाऊकवाल्याचं देणं किती जमेल हे पाहूनच माल भरा. तंगी आली की आपल्याच पिग्मीवर (रोजच्या बचतीच्या ठेवीवर) कर्ज काढायचं, ते फेडायला दुसऱ्या सोसायटीतून उचलायचं, हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे.

वर्कशॉपवाल्यांचं दुखणं वेगळं: मोठी कंपनी नव्वद दिवस पैसे देत नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने करार असला तरी ४५ दिवसांच्या वर थांबवता येत नाही आणि उशिरावर चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी, ती माल देण्याआधी केलेली बरी. ती ऑनलाइन आणि फुकट आहे. सायबर कॅफेवाला हजार रुपये सांगतो ते त्याच्या टायपिंगचे. तक्रार करायची की नाही हा तुमचा प्रश्न, कारण पुढची ऑर्डरही त्याच कंपनीकडून हवी असते. पण १ एप्रिल २०२४ पासून उत्पादन करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे मुदत उलटून मार्चअखेरपर्यंतही न दिल्यास कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात दाखवता येत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बिलावर उद्यम नंबर छापून त्यांच्या अकाउंट्स विभागाला एक मेल करून बघा. भांडणापेक्षा ते लवकर लागू पडतं.

कन्नड कागदावर न वाचता सही

आपल्यातले पुष्कळ जण कन्नड झकास बोलतात, बाजारात घासाघीस करतात, पण मराठी शाळेत शिकल्याने वाचता येत नाही. मग भाडेकरार, सोसायटीचा कर्जाचा फॉर्म, महापालिकेचा परवाना, सगळ्यावर 'कुठं करू सही?' एवढंच. करारात भाडेवाढ किती, डिपॉझिटमधून काय कापणार, गाळा रिकामा करायची मुदत किती, ही तीन कलमं तरी स्वतःच्या माणसाकडून वाचून घ्या. दलालाकडून नको. आणि कन्नडमध्ये आलेली नोटीस ड्रॉवरमध्ये ठेवून ती जुनी होत नाही, तिची मुदत मात्र संपते.

पाटीचं थोडक्यात. २०२४ च्या दुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात हवं. त्यावर प्रत्येकाचं मत आहे, माझंही आहे. पण पेंटरला आगाऊ पैसे देण्याआधी मोजमाप करून घ्या, दोनदा पाटी करणं परवडत नाही.

तसंच कॅलेंडरचं. १ नोव्हेंबर (कर्नाटकाचा राज्योत्सव, मराठी भाषकांचा काळा दिवस), डिसेंबरातलं बेळगावचं विधिमंडळ अधिवेशन, कधी अचानक तापलेलं वातावरण. या दिवसांत दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद पडू शकतात आणि बसने जाणारी पार्सलं अडकू शकतात. नाशवंत मालाची तारीख त्या आठवड्यात देऊ नका.

ओटीपी सल्लागाराच्या मोबाईलवर

हे लिहिल्यावर माझेच व्यवसायबंधू नाराज होतील. जीएसटीची नोंदणी करताना सोयीसाठी सल्लागाराचाच मोबाईल आणि ईमेल टाकला जातो. पुढे सल्लागार बदलला, दुकानदाराशी वाजलं किंवा तो गाव सोडून गेला की पोर्टलवर आलेली नोटीस कोणालाच दिसत नाही. पोर्टलवर टाकलेली नोटीस तुम्हाला मिळाली असंच कायदा धरतो. नोंदणी रद्द का करू नये या नोटिशीला तर कामाचे सातच दिवस असतात. आज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी सल्लागाराला फोन लावा, लॉगिन आणि पासवर्ड मागून घ्या आणि नोंदणीतला मोबाईल बदलून स्वतःचा टाका. तो 'कशाला, मी आहे की' म्हणेल. तरी मागा.