परदेशात मॉडेल रेल्वेच्या सामानाचा छोटा धंदा करायचाय? मग आधी इंजिनं विसरा

नवीन देशात गेल्यावर घर लागतं, बँक खातं होतं, धावपळ जरा कमी होते आणि मग ज्याला आगगाडीचं वेड आहे त्याच्या डोक्यात एक दिवस येतंच की इथे एवढे हॉबीवाले आहेत, आपणच सामान विकायला काय हरकत आहे. हरकत काहीच नाही, मीही तेच केलं. फक्त जवळजवळ प्रत्येक जण जी चूक करतो ती मीही केली, म्हणजे सुरुवातच इंजिनांपासून करायला गेलो. इंजिन दिसायला भारी, फोटो छान येतो, पण पैसा त्यातच अडकतो. कंपन्या नवीन मॉडेल बरंच आधी जाहीर करतात, कारखान्यात एकच बॅच निघते, दुकानदाराने आधीच आकडा सांगून ठेवायचा असतो आणि माल हातात येईपर्यंत मोठे विक्रेते डिस्काउंट लावून मोकळे झालेले असतात, मग तुमचे चार बॉक्स कपाटात बसून राहतात. त्यात कंपनीने उद्या ठरवलं की आम्ही थेट गिऱ्हाइकाला विकणार तर तुम्ही काय करणार? हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल रेल्वे कंपनीने २०२२ मध्ये १:१२० ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या १२० पट लहान, नवी टीटी रेंज काढली तेव्हा सुरुवातीला स्वतःच्या वेबसाइटवरूनच विकली.

मग विकायचं काय? जे संपतं ते. रेल जॉइनर (दोन रूळ जोडणाऱ्या छोट्या पट्ट्या), करंट अडवणारे प्लॅस्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर, रुळाचे खिळे, खडी (बॅलास्ट), वायर, कपलिंग (डबे जोडणारे हुक), चाकं, ट्रॅक्शन टायर (चाकावरची रबरी रिंग), डीकोडर (इंजिनातली कंट्रोलची चिप), स्टॅटिक ग्रास (खोटं गवत). माणूस इंजिन वर्षातून एखादं घेतो, पण लेआउटवर, म्हणजे घरातल्या रुळांच्या मांडणीवर, काम करताना जॉइनर मात्र नेमके रविवारी रात्री संपतात आणि तेव्हा तो फोन घेऊन शोधायला बसतो. मोठ्या दुकानांना ही दहा-वीसची पाकिटं मोजत बसायचा कंटाळा असतो, आणि आपली जागा तिथेच आहे.

पण एक मिनिट, एक रुपयाचा माल घ्यायच्या आधी व्हिसा बघा. नोकरीच्या, शिक्षणाच्या किंवा जोडीदाराच्या व्हिसावर स्वतःचा धंदा चालतोच असं नाही, काही ठिकाणी साफ मनाई असते आणि 'हॉबी म्हणून चार वस्तू विकतो' हे कारण तिथे चालत नाही. एक तास इमिग्रेशनच्या जाणकाराला पैसे देऊन विचारा, फेसबुक ग्रुपवर विचारू नका. भाड्याचं घर असेल तर करारात घरून धंदा करायला परवानगी आहे का तेही वाचा. खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, नाहीतर वर्षाच्या शेवटी टॅक्स भरताना कुठलं बिल किराणाचं आणि कुठलं बॅलास्टचं हेच कळत नाही.

आता खरा विषय, स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या किती पट लहान आहे ते. इथे मी तोंडावर पडलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही आधी राहत होतात तिथलं स्केल नवीन देशात चालत असेलच असं धरू नका. जगात सगळ्यात जास्त एचओ चालतं, १:८७. ब्रिटिश मॉडेलवाले ओओ वापरतात, ते १:७६. गंमत अशी की दोघांच्या रुळांमधलं अंतर एकच, १६.५ मिमी, म्हणजे गाडी दोन्हीकडे धावते पण आजूबाजूचं जग वेगळ्या मापाचं. एन स्केलचंही तसंच, रुळांमधलं अंतर सगळीकडे ९ मिमी, पण अमेरिका आणि युरोपात १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८ आणि जपानच्या गाड्या बहुतेक १:१५०. ओ स्केल तर विचारूच नका, अमेरिकेत १:४८, ब्रिटनमध्ये १:४३.५, बाकी युरोपात बहुतेक १:४५.

मी काय केलं, तर ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून छोट्या इमारती आणि माणसांचा एक अख्खा लॉट उचलला, पाकिटावर 'ओओ/एचओ' असं दोन्ही छापलेलं. म्हटलं वा, दोन्हीकडे खपेल. क्लबमध्ये एका काकांनी काही न बोलता पाकिटातला एक माणूस काढला आणि त्यांच्या ओओच्या प्लॅटफॉर्मवर त्यांच्या माणसांच्या रांगेत उभा केला. पावणेसहा फुटी माणूस १:८७ मध्ये साधारण २० मिमी होतो आणि १:७६ मध्ये २३, फरक फक्त तीन मिमीचा, पण रांगेत उभा केल्यावर माझा माणूस शाळेतला पोरगा वाटत होता. काका हसले, मी पण हसलो, लॉट मात्र अजून आहे माझ्याकडे. तेव्हापासून 'दोन्हीला चालतं' असं लिहिलेलं काही दिसलं की मी आधी पट्टी काढतो.

रुळातही हाच घोळ. कोड १००, कोड ८३, कोड ७५, कोड ५५ हे आकडे म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे ०.१०० इंच, २.५४ मिमी, आणि कोड ७५ म्हणजे १.९ मिमी. कोड १०० चा जॉइनर कोड ७५ वर ढिला बसतो, करंट नीट जात नाही आणि गिऱ्हाइकाला वाटतं माल खराब आहे. त्यामुळे प्रत्येक पाकिटावर मोठ्या अक्षरात स्केल, कोड आणि कुठल्या ब्रँडच्या रुळाला बसतं हे तीन लिहाच. आणि रूळ बहुतेक निकेल सिल्व्हरचे असतात, तेव्हा कोणी 'निकेल सिल्व्हर म्हणजे चांदी किती' विचारलं तर सरळ सांगा की चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. हा प्रश्न येतो, खरंच येतो.

विजेचं थोडक्यात. साध्या डीसीवर १२ व्होल्टपर्यंत चालतं, डीसीसी, म्हणजे रुळातूनच प्रत्येक इंजिनाला डिजिटल हुकूम देणारी पद्धत, वेगळी, आणि मेर्कलिन या जर्मन कंपनीची थ्री-रेल सिस्टीम त्याहून वेगळी, तिथे चाकं इन्सुलेटेड नसतात, म्हणून तिकडचा डबा टू-रेल ट्रॅकवर ठेवला की शॉर्ट. डीसीसीचं स्टँडर्ड अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेने घालून दिलंय, त्यामुळे एका ब्रँडचा डीकोडर सहसा दुसऱ्याच्या कंट्रोलरवर चालतो, पण प्लग बघून विका, आठ पिन, एकवीस पिन, प्लक्स २२, नेक्स्ट १८, असे बरेच आहेत. गिऱ्हाइकाकडून इंजिन उघडलेला फोटो मागवल्याशिवाय मी डीकोडर पाठवतच नाही. कपलिंगचंही तसंच, आजच्या बहुतेक युरोपियन डब्यांना एनईएम ३६२ या स्टँडर्डची खाच असते, तिच्यात बसणारी केडी कंपनीची १७ ते २० नंबरची कपलिंग चार लांबींमध्ये येतात, चारही ठेवा, कारण गिऱ्हाइकाला कुठली लांबी लागेल हे त्यालाही माहीत नसतं. पॉवर सप्लाय मात्र सुरुवातीला ठेवूच नका. तिथे सुरक्षेची सर्टिफिकेट लागतात, देशानुसार व्होल्टेज आणि प्लग बदलतो आणि काही जळलं तर जबाबदार तुम्ही.

इम्पोर्ट. कस्टमच्या एचएस कोडमध्ये, म्हणजे मालाच्या वर्गाच्या नंबरांत, ९५०३ खाली खेळणी आणि स्केल मॉडेल दोन्ही येतात, ट्रान्सफॉर्मर आणि अडॅप्टर ८५०४ खाली. सगळं 'टॉय' म्हणून एकाच ओळीत लिहिलं की पार्सल अडकतं, इनव्हॉइसवर प्रत्येक वस्तू वेगळी लिहा आणि किंमत खरी लिहा. युरोपियन युनियनमध्ये विकणार असाल तर इम्पोर्टसाठी ईओआरआय, म्हणजे कस्टमचा नोंदणी नंबर, काढावा लागतो आणि १३ डिसेंबर २०२४ पासून प्रॉडक्ट सेफ्टीचा नवा नियम लागू झालाय, त्यात युनियनमधला एक जबाबदार माणूस किंवा कंपनी दाखवावी लागते, म्हणजे बाहेरून एखादं पाकीट सहज पाठवलं हे आता होत नाही. स्प्रे पेंट आणि लिथियम बॅटरी हवाई पार्सलमध्ये धोकादायक मालात मोडतात, पातळ गोंदांपैकीही बरेच, ते तिथल्याच होलसेलरकडून घ्या.

होलसेलर लगेच खातं उघडून देत नाहीत. दुकान कुठंय, वेबसाइट कुठंय, पहिली ऑर्डर किती, हे विचारतात. कमीत कमी ऑर्डरचा आकडा ऐकून घाबरू नका, विचारा की पहिली ऑर्डर दोन भागात देता का, बरेच जण हो म्हणतात. उधारी मिळत असली तरी पहिले सहा महिने घेऊ नका.

गिऱ्हाईक कुठून आणायचं तर क्लबमधून. पण पहिल्याच दिवशी कॅटलॉग घेऊन जाऊ नका, लोकांना ते आवडत नाही. दोन-तीन महिने नुसतं जा, बेसबोर्ड, म्हणजे लेआउटच्या खालच्या फळ्या, उचलायला मदत करा, सोल्डरिंग करून द्या, आणि लोक कशाला शिव्या घालतायत ते ऐका. 'अमुक जॉइनर कुठे मिळतच नाही' हे वाक्य तीन वेगळ्या तोंडून आलं की ते स्टॉकमध्ये घ्या. भाषा अडखळत असेल तरी चालतं, हातात टर्नआउट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) असला की बोटाने दाखवून काम होतं. थंडीच्या देशात हा धंदा हिवाळ्यात चालतो, उन्हाळ्यात लोक बाहेर असतात, तेव्हा स्टॉक सप्टेंबरच्या आत भरून ठेवा.

फ्लेक्सी ट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकवता येणारा लांब रूळ, त्याबद्दल वेगळं सांगायलाच हवं. एक तुकडा साधारण ९१४ मिमी, म्हणजे एक यार्ड. एवढ्या लांबीला पार्सलचा वर्ग बदलतो आणि पोस्टेज मालाइतकं होतं, म्हणून एक-दोन तुकडे विकूच नका, कमीत कमी सहा ठेवा. मी पहिलं पार्सल नुसतं बबल रॅपमध्ये गुंडाळून पाठवलं होतं. रूळ स्लीपरमधून सरकतो हे लक्षातच नव्हतं, हलून हलून रुळांची टोकं पुठ्ठ्यातून बाहेर आली, आणि गिऱ्हाइकाने फोटो पाठवला, खोक्यातून बारा सुया निघालेल्या. आता सगळे तुकडे एका लाकडी पट्टीला टेपने बांधतो, दोन्ही टोकांना जाड पुठ्ठ्याची टोपी घालतो, मगच खोक्यात.

थोडा जम बसला की जुन्या मालाकडे वळा. एखादा हॉबीवाला वारला की घरच्यांना त्या खोक्यांचं काय करायचं कळत नाही, आणि क्लबमधून तुमचं नाव पुढे येतं. तिथे घाई करून भाव पाडू नका, त्यांच्यासमोर बसून यादी करा, कशाला काय मिळू शकेल ते मोकळेपणाने सांगा. जुन्या इंजिनांची चॅसिस मात्र नीट बघा. जस्ताच्या कास्टिंगमध्ये शिशाची भेसळ असेल तर धातू वर्षानुवर्षं फुगत जातो, बारीक तडे दिसतात, चॅसिस मधोमध वाकते आणि बॉडी निघता निघत नाही. ओढाताण केली तर हातात चुरा येतो. असं दिसलं तर ते इंजिन वेगळ्या डब्यात टाका, चाकं आणि मोटर काढून घ्या, आणि मोटर १२ व्होल्टवर दोन मिनिटं फिरवून आवाज ऐकल्याशिवाय पाकिटावर 'चालू' असं लिहू नका.