माजी विद्यार्थ्यांचं स्वतःचं सोशल नेटवर्क : वर्डप्रेस आणि बडीप्रेसवर कसं उभारायचं

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सुरू होतो मोठ्या उत्साहाने. पुढे काय होतं तेही ठाऊक असतं. सुप्रभाताच्या फुलांखाली स्नेहसंमेलनाची तारीख गाडली जाते, प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि जुने फोटो फोन बदलला की जातात. त्यात १०२४ जणांची मर्यादा. चाळीस-पन्नास बॅचेसची शाळा त्यात मावणार कशी? दुसऱ्याच्या जागेत मांडलेल्या बिऱ्हाडाचं काय होतं, हे ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी पाहिलं आहे. म्हणून शाळेचं नेटवर्क स्वतःच्या जागेत असावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही. २००३ साली आलेलं, वेबसाइट बनवण्याचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर आणि त्यावर बसणारं, २००९ साली पहिली आवृत्ती निघालेलं बडीप्रेस हे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर), दोन्ही मोफत आणि मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांना खुला) आहेत. सदस्यांची पानं, गट, खासगी संदेश, ताज्या घडामोडी हे सगळं बडीप्रेस देतं. द्रुपल या तशाच सॉफ्टवेअरवरचं ओपन सोशल किंवा एल्ग हेही पर्याय चांगले आहेत. तरी मी वर्डप्रेसच सुचवेन, कारण ते येणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो आणि पुढे साइट सांभाळायला तोच लागणार आहे.

आधी कागद-पेन

संगणकाला हात लावण्याआधी सदस्याची कोणती माहिती विचारायची ते कागदावर लिहा. दहावीचं वर्ष, तुकडी, सध्याचं गाव, व्यवसाय हे सुचतंच. विसरतं ते माहेरचं नाव. वर्गातली मुलगी आपल्याला तिच्या तेव्हाच्या आडनावानेच आठवते. लग्नानंतर नाव बदललं असेल तर यादीत ती समोर असूनही सापडत नाही. ‘शाळेतलं पूर्ण नाव’ असा रकाना सगळ्यांसाठीच ठेवा, म्हणजे वेगळं काही विचारल्यासारखं होत नाही. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत असे दोन रकाने करा, कारण शोधणारा कुठल्या लिपीत टाइप करेल याचा नेम नाही. बडीप्रेसचा सदस्यशोध या रकान्यांतही पाहतो. मोबाइल नंबर मात्र विचारूच नका. साइटवरून खासगी संदेश धाडता येतो, तेवढं पुरतं.

डोमेन आणि होस्टिंग

डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, माजी विद्यार्थी संघाच्या ईमेलवर घ्या आणि पासवर्ड किमान दोघांकडे असू द्या. आम्ही ते एका मित्राच्या वैयक्तिक खात्यावर घेतलं होतं. तो परदेशी गेला, नूतनीकरणाची पत्रं जुन्या पत्त्यावर पडून राहिली आणि ऐन संमेलनाच्या आठवड्यात साइट उघडेना.

होस्टिंग म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा. तिच्याबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. साध्या वेबसाइटचं पान एकदा तयार करून साठवता येतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच देता येतं. इथे लॉगिन केलेल्या प्रत्येकाला वेगळं पान दिसतं. त्याचे गट, त्याचे संदेश. त्यामुळे साठवणीचा फायदा फारसा मिळत नाही आणि सर्व्हरला दर वेळी नव्याने राबावं लागतं. काहीशे सदस्यांपर्यंत शेअर्ड होस्टिंग (एकच सर्व्हर अनेक साइट्सनी वाटून घेतलेला) चालून जाईल. संमेलनाच्या संध्याकाळी सगळे एकदम फोटो पाहायला येणार असतील, तर व्हीपीएस (सर्व्हरचा फक्त आपल्यासाठी राखलेला हिस्सा) घ्या आणि त्यावर रेडिस, म्हणजे वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवून घ्या. एचटीटीपीएससाठी (साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवण्यासाठी) लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या सेवेचं प्रमाणपत्र मोफत मिळतं. ते आपोआप नवं होतंय ना, एवढं तपासा.

बसवणं

हे काम तासाभराचं आहे. होस्टिंगच्या पॅनेलमधून वर्डप्रेस बसवा. सेटिंग्जमध्ये भाषा मराठी, वेळ कोलकात्याची आणि पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांची रचना) ‘पोस्ट नेम’ ठेवा. मग प्लगइनच्या पानावर बडीप्रेस शोधून सुरू करा. कुठे शब्द इंग्रजीच राहिले, तर लोको ट्रान्सलेट या प्लगइनने ते मराठीत करता येतात.

त्यानंतर बडीप्रेसच्या सेटिंग्जमध्ये कोणकोणते भाग चालू ठेवायचे ते ठरवा. प्रोफाइल, घडामोडी, गट, संदेश आणि सूचना ठेवा. ‘मैत्री’ हा भाग मी बंद ठेवतो. एका शाळेतल्या माणसांनी एकमेकांना मैत्रीची विनंती कशाला पाठवायची?

दार कुणासाठी उघडायचं

वर्डप्रेसमधली ‘कुणीही नोंदणी करू शकतो’ ही खूण लावली, की बनावट खात्यांची रांग लागते. ती लावू नका. बडीप्रेसच्या १०.० आवृत्तीपासून सदस्यत्वासाठी अर्ज मागवण्याची सोय आहे, ती चालू करा. अर्जात वर्गशिक्षकांचं नाव विचारा. त्या बॅचचा कुणीही जाणता माणूस ते वाचून क्षणात सांगेल, आपला की परका. १२.० आवृत्तीपासून सगळं नेटवर्क फक्त सदस्यांनाच दिसेल असंही ठरवता येतं, तेही करा.

ईमेल पोचतो का?

सर्वात जास्त माणसं इथे गळतात. खातं सुरू करण्याची लिंक ईमेलने जाते आणि होस्टिंगवरून थेट गेलेला तो ईमेल बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतो. माणूस वाट बघतो आणि सोडून देतो. एसएमटीपीचं (ईमेल पाठवण्याच्या पद्धतीचं) प्लगइन बसवून ईमेल पाठवणाऱ्या नीट सेवेमार्फत ईमेल पाठवा, डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या, म्हणजे ईमेल खरोखर आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या, नोंदी करा. जीमेलवर, याहूवर, कुणाच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवून पाहा. तरीही कुणी अडकलंच, तर प्रलंबित नोंदणीच्या यादीतून खातं हाताने सुरू करता येतं.

गट आणि फोटो

प्रत्येक बॅचचा एक गट करा आणि तो ‘खासगी’ ठेवा. नाव सर्व सदस्यांना दिसतं, आतलं बोलणं गटापुरतं राहतं. गट काढण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकांकडे ठेवा, नाहीतर एकाच बॅचचे तीन गट होतात. प्रत्येक गटाला त्याच बॅचमधला एक सांभाळणारा नेमा. फोटोंच्या अल्बमसाठी आरटीमीडिया हे प्लगइन वापरता येईल. ते पुण्याच्या आरटीकॅम्प या कंपनीने केलेलं आहे.

जबाबदारी

२०२१च्या आयटी नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच २४ तासांत आणि साधारणपणे निकाल ७ दिवसांत (२०२६च्या दुरुस्तीआधी ही मुदत १५ दिवसांची होती). डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. म्हणून सदस्यत्व १८ वर्षांपुढच्यांनाच द्या. कुणी ‘माझी माहिती काढून टाका’ म्हटलं, तर वर्डप्रेसच्या टूल्समध्ये ती काढण्याची आणि तिची प्रत देण्याची सोय आहे. वेळ लावू नका.

बॅकअप रोज व्हावा, डेटाबेस आणि अपलोड्सचं फोल्डर दोन्हींचा, आणि तो सर्व्हरबाहेर साठवा. एकदा दुसऱ्या जागी परत उभा करून पाहा, तरच तो बॅकअप आहे म्हणता येईल.

उद्घाटन

सगळ्या शाळेला एकदम बोलावू नका. एक बोलकी बॅच निवडा, त्यातले पंधरा जण घ्या. त्यांच्या गटात दहावीचा वर्गाचा फोटो स्कॅन करून टाका आणि मागच्या रांगेपासून नावं लिहायला सांगा. कुणाला तरी डावीकडून चौथा आठवणार नाही, कुणीतरी त्याचा पत्ता शोधून त्याला अर्ज भरायला लावेल. त्या फोटोतली शेवटची रांग भरली, की पुढच्या बॅचचा गट उघडा.