कारवरून पॉवर स्टेशन चार्ज करताय? या चुका टाळा

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीची वीज रात्री नऊला गेली. आईचं नेब्युलायझर पॉवर स्टेशनवर, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या मोठ्या बॅटरीवर चालवत होतो, तिचं चार्जिंग निम्म्याखाली आलेलं. मी ते पॉवर स्टेशन पार्किंगमध्ये नेलं, गाडीच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावलं आणि वर येऊन झोपलो. इंजिन बंदच होतं. आमच्या गाडीचं सॉकेट चावी काढली तरी चालू राहतं. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक-टक-टक. आईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं त्याच दिवशी. शेजारच्या काकांनी जंप केबल लावली म्हणून निघालो.

हिशोब आधी केला असता तर ही वेळ आली नसती. छोट्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे सुमारे ४२० वॅट-अवर. त्यातले निम्मेच काढावेत. सॉकेटमधून पॉवर स्टेशन १०० वॅट ओढतं, म्हणजे दोन तासांत ती निम्म्यावर येते. ही बॅटरी मुळात सेल्फला दोन-तीन सेकंद जबर करंट द्यायला बनवलेली आहे. पार उतरवली की प्लेटांवर सल्फेट धरतो आणि ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही. म्हणून चार्जिंग इंजिन चालू असतानाच करा, तेव्हा वीज अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारा छोटा जनरेटर देतो. मीटर लावून बघा: चालू गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट, बंद गाडीत भरलेली बॅटरी १२.६च्या आसपास. बंद गाडीत १२.२ दिसलं की थांबायचं.

पण उभ्या गाडीचं इंजिन तासन्‌तास चालवणं हाही उपाय नव्हे. १००० वॅट-अवरचं युनिट भरायला दहा तास लागतील आणि तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाईल. बेसमेंट पार्किंगमध्ये तर मुळीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो जीव घेतो.

फ्यूज उडाला की मोठा फ्यूज टाकू नका. १५ अँपिअरच्या जागी ३० टाकला तर फ्यूजऐवजी वायर जळते. तेच लांब वायरचं. पहिल्या मजल्यावरून १.५ चौ.मि.मी.ची पाच मीटर वायर खाली सोडली, तर ८ अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो. मग पॉवर स्टेशनला वाटतं बॅटरी उतरली, आणि ते चार्जिंग बंद करतं. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर आपणहून व्होल्टेज कमी करतो, तेव्हाही असंच होतं. हेडलाइट लावल्यावर बरेचदा पुन्हा सुरू होतं.

गाडीत इन्व्हर्टर लावून त्यावर पॉवर स्टेशनचा घरचा चार्जर चालवू नका. डीसीचं एसी, पुन्हा डीसी, दोन्ही वेळा वीज वाया जाते. आणि उन्हात बंद गाडीत युनिट ठेवू नका, ४५ अंशांवर लिथियम सेल चार्ज करणं त्यांना मारक आहे.

आता कासारवडवली ते ठाणे स्टेशन जाऊन-येऊन दीड तास जातो, त्यात सुमारे दीडशे वॅट-अवर भरतात. घरी पोचलो की आधी प्लग काढतो, मग चावी.