स्टॅकमधल्या तिरक्या रेषा अखेर गेल्या (माझा अनुभव)

देवयानी दीर्घिकेचे १२० सेकंदांचे ९० फ्रेम (फोटो) स्टॅक करून, म्हणजे तारे जुळवून एकच फोटो बनवून, स्ट्रेच केले (अंधुक भाग उजळवले) तर मागच्या काळ्या भागात सगळीकडे तिरक्या रेषा, पाऊस पडल्यासारख्या, फार वाईट वाटलं. डार्क (झाकण लावून काढलेले, सेन्सरचा नॉइज वजा करायचे फोटो) परत काढले, फरक शून्य. मग पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी ठेवली तर गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून दिशा आपोआप सुधारणं) चालू असूनही तारे हळूहळू सरकलेले आणि रेषाही नेमक्या त्याच दिशेच्या! सेन्सरचा ठरावीक नॉइज (त्याच त्याच पिक्सेलवरचे खोटे ठिपके) जागेवरच असतो, तारे जुळवताना तोच ओढला जातो, यालाच वॉकिंग नॉइज म्हणतात. उपाय डिदरिंग, दर २ फ्रेमनंतर माउंट (कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणारा स्टँड) कुठल्याही दिशेला थोडा हलवायचा, मी १२ पिक्सेल ठेवले, पण मुख्य कॅमेऱ्याचे हं, गायडिंगसाठीच्या वेगळ्या कॅमेऱ्याचे नाही, आणि स्टॅकिंगला सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेमपेक्षा फार वेगळे पिक्सेल वगळणं) लावलं. पुढच्या रात्रीच्या स्टॅकमध्ये एकही रेघ नाही, दीर्घिकेच्या कडेचा फिकट भागसुद्धा दिसला!