अभिवाचन आणि गाण्यांची संध्याकाळ: क्रम पट्टीवरून लावा

वाचनालयाचा हॉल, सतरंज्या, चहा आणि गावातल्या कलाकारांचे होकार तुम्ही जमवले आहेत असं धरून चालतो. फक्त तारीख २७ फेब्रुवारीच्या आसपासची घेऊ नका. मराठी भाषा गौरव दिनाला वाचणारे, गाणारे सगळेच आधीच कुठेतरी अडकलेले असतात.

एकूण वेळ दीड तास, मध्यंतर नाही. सहा वाचनं, सहा गाणी. एका वाचनाला सहा मिनिटं, म्हणजे शांतपणे वाचलं तर साधारण सहाशे शब्द. "मी थोडक्यातच वाचतो" हे ऐकून घ्या आणि मजकूर आधीच मागवा. घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा, जास्त भरला तर लेखकाकडूनच कापून घ्या. दुसऱ्याचं लेखन अख्खं वाचायचं असेल तर परवानगी काढा. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. केशवसुत (निधन १९०५), बालकवी (निधन १९१८) खुशाल वाचा.

आता क्रम. संध्याकाळी बिघडतात त्या इथे. बहुतेक संयोजक क्रम मानाने लावतात: आधी नवोदित, मग ज्येष्ठ, शेवटी अध्यक्षांची कविता, आणि गाणी मधेमधे पेरायची. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात एक बाई कथा वाचत असतात आणि मागे तबलजी तबला सुरात लावायला हातोडीने त्याचे गट्टे (लाकडी ठोकळे) ठोकत असतात, कारण पुढच्या गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा मूळ सूर 'सा', वेगळी असते. वाचणाऱ्याचा चेहरा अशा वेळी बघवत नाही. मी यावर बरेच दिवस डोकं खाजवलं. उत्तर शेवटी एका तबलजींनीच दिलं. म्हणाले, गाणी पट्टीवरून लावा, वाचनं त्यांच्यामध्ये बसवा.

म्हणजे असं. प्रत्येक गायकाला आधी पट्टी विचारा. एका पट्टीची गाणी एका गटात घ्या. गाण्यांमध्ये वाचन आलं तरी हरकत नाही, तबल्याला हात लागत नाही. काळी चारच्या गायिकेला (पेटीची चौथी काळी पट्टी हा जिचा सा) काळी एकचा तबला मध्यमात, म्हणजे तिच्या 'म'वर, चालतो, गाण्यात मध्यम वर्ज्य (टाळलेला) नसला म्हणजे झालं. काळी पाचवाल्या गायिकेला मात्र तो चालणार नाही. तिथे दुसरा तबला लागतो. तो आधीच मिळवून, झाकून मंचावर ठेवा. तबले दोनच असतील तर पट्ट्यांचे गटही दोनच करा, तिसरी पट्टी घेऊन येणाऱ्या गुणी गायकाला पुढच्या वेळी बोलवा. वाईट वाटेल, वाटू द्या. तबला एकच असेल तर बदलाच्या जागी निवेदन ठेवा. वाचन तिथे कदापि नको.

तबले हॉलमध्येच लावून घ्या, तेही पंखे किंवा एसी सुरू करून अर्धा तास झाल्यावर. घरून लावून आणलेला तबला पावसाळी हवेत उतरतो, कोरड्या थंड हवेत चढतो.

वाचनाखाली बासरी किंवा संवादिनी वाजवायची टूम मला मुळीच मान्य नाही. चांगल्या मजकुराला ती नको असते आणि वाईट मजकूर तिने झाकला जात नाही. कवी हट्टालाच पेटले तर फक्त तानपुरा, पुढच्या गाण्याच्या पट्टीत, अगदी हळू. म्हणजे वाचन संपताच गायकाला सूर हातात मिळतो आणि निवेदकाला मध्ये घुसायला जागा उरत नाही. निवेदकाला प्रत्येक वेळी दोन वाक्यं पुरतात: कोण, काय. कवितेचा अर्थ कवितेआधीच सांगणाऱ्या निवेदकाला तिकिटं फाडायला बसवा.

वाचकांना वेगळा माइक, स्टँडवर. गाणं चालू असताना तो ध्वनिवाल्याने बंद ठेवायचा, नाहीतर तबला त्यात शिरतो आणि शिट्टी वाजते. मजकूर मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापा, पानं स्टेपल करू नका.

सत्कार करायचेच असतील तर सुरुवातीला, दहा मिनिटांत, नारळ आणि पुस्तक. मानधनाची पाकिटं त्याच रात्री द्या. पहिलं तबलजींना, कारण वाचक आणि गायक आपापला वेळ संपला की मोकळे होतात, ते मात्र दीड तास जागेवरून हललेले नसतात.