हायब्रिड घेऊ की साधी पेट्रोल? आधी क्ष काढा

शोरूमवाला म्हणतो हायब्रिड घ्या सर, मायलेज बघा मायलेज, पण वरचे पैसे वसूल कधी होणार ते काय सांगत नाही, म्हणून शाळेतलं बीजगणित बाहेर काढायचं. समजा साधी गाडी ऑनरोड १५ लाखाला पडते आणि स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत बॅटरी-मोटरवरही पळणारी) १८ लाखाला. पेट्रोल १०५ रुपये धरू. साधी लिटरला १४ देते म्हणजे किमीला साडेसात रुपये, हायब्रिड २१ देते म्हणजे ५ रुपये. आता एकूण क्ष किमी चालवली तर

१५,००,००० + ७.५क्ष = १८,००,००० + ५क्ष

म्हणजे २.५क्ष = ३,००,०००, क्ष = १,२०,००० किमी. महिन्याला हजार किमी फिरत असाल तर बरोबर १० वर्षं, दोन हजार असेल तर ५. मग ठरवा.

आणि हो, वरचे ३ लाख लोनवर असतील तर ९ टक्क्याने ५ वर्षांत ते पावणेचार लाखाच्या आसपास जातात, क्ष सरकतो जवळपास दीड लाख किमीवर, हे बहुतेक जण विसरतातच.

मायलेज ब्रोशरमधलं घेऊ नका, तुमच्या रस्त्यावरचं घ्या. सिग्नल-ट्रॅफिकमध्ये ब्रेक मारला की बॅटरी चार्ज होते म्हणून हायब्रिडचा खरा फायदा शहरात, सारखं एक्सप्रेसवेवरच पळवणाऱ्याला फरक कमी दिसतो. माइल्ड हायब्रिडला (जिच्यात छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते) तर हे गणित लावूच नका, तिच्यात मायलेज एवढं वाढत नाही.