मोबाईलवर व्हिडिओ काढताय? मग आधी माईक घ्या

कॅमेरा चांगलाच असतो हो आजकाल, मार खातो तो आवाज. मी दादर चौपाटीवर तासभर शूट केलं आणि घरी येऊन ऐकतो तर नुसता वारा, मी काय बडबडलो ते मलाच कळेना. त्यामुळे पहिले पैसे कॉलर माईकवर, तोही वायरवाला चालेल, फक्त पिन नीट बघा, तिच्यावर ३ काळ्या रिंगा हव्यात, २ असतील तर ती कॅमेऱ्याची पिन, फोनमध्ये थेट लावून बहुतेक वेळा चालत नाही. फोनला गोल जॅकच नसेल तर सरळ टाईप-सीवालाच बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेताना दुकानातच स्वतःच्या फोनला लावून अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचं, इअरफोन घालून ऐकायचं, मगच पैसे द्यायचे, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. वाऱ्यासाठी ती केसाळ टोपी मिळते माईकची, ती घ्याच.

ट्रायपॉड हलका असला तरी चालतो, मधल्या दांड्याला पाण्याची बाटली भरलेली पिशवी लटकवली की हलत नाही.

लाईट? खिडकीकडे तोंड करून बसा, फुकट आहे. रात्री एलईडीखाली पट्टे सरकताना दिसले तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग आपण हाताने बदलतो) शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून.

क्लिपवाल्या स्वस्त लेन्स नकोच, कडा धूसर येतात. गिंबल, म्हणजे चालताना फोन स्थिर ठेवणारा मोटरवाला दांडा, नंतर बघू. आणि लोकलमधून उतरलात की लेन्स पुसा, घामाचे डाग असतात.